घोरपडीला नाव आहे

तानाजीने शिवाजी महाराजांसाठी मोगलांकडून गड घेतला ती सिंहगडाची सगळ्यात गाजलेली रात्र हिवाळ्यातली होती. पावसाळ्यात धुक्यात बसून भजी खाणाऱ्यांच्या किंवा मे महिन्यात घाम पुसत चढणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही. माघ वद्य नवमी, शके १५९१. शाळेच्या पुस्तकात ४ फेब्रुवारी १६७० अशी तारीख असते, पण ती जुन्या इंग्रजी कालगणनेची. आजच्या कॅलेंडरवर मांडली तर ती दहा दिवस पुढे सरकते आणि फेब्रुवारीच्या मध्याला येते. कडाक्याची थंडी ओसरत आलेली, तरी पहाटे घोंगडी सोडवत नाही, असे ते दिवस. शिवाय वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्याशिवाय उगवत नाही. म्हणजे रात्रीचा पहिला अर्धा भाग काळामिट्ट. कड्यावर माणसं चढवायची असतील तर पंचांगातला हा दिवस डोळे झाकून निवडलेला नसावा.

गडाशी जुळलेल्या गोष्टी पारखायच्या तर हिवाळ्यातच जावं. खडक कोरडा असतो, गवत वाळून खाली बसलेलं असतं, आणि दहा वाजेपर्यंत धुरकट हवा विरली की वरून चारी दिशांचे डोंगर ओळखू येतात. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची ५० नंबरची बस आहे. रविवारी पहाटे त्या बसमध्ये कानटोप्या आणि मफलर घातलेल्यांची भरती असते. निम्मे लोक एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, नावाने नाही. हे सिंहगडाचे वारकरी. आतकरवाडीपासून वर पुणे दरवाजापर्यंत किती मिनिटं लागली, हा त्यांच्या बोलण्याचा मुख्य विषय. सत्तरीतले एखादे काका पाऊण तासात चढतात आणि वर पोचल्यावर दम लागलेल्या विशीतल्या पोराला शांतपणे विचारतात, "पहिल्यांदाच आलात का?"

वाट सोपी आहे असं सांगतात ते रोज चढणारे. नवख्याला पहिल्या चढावरच कळतं की सह्याद्रीचा डोंगर नीट उतरता नसतो. उभा कातळ, मग थोडी सपाटी, मग पुन्हा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. त्यातले कठीण थर कडे होऊन उभे राहिले आणि ठिसूळ थर झिजून उतार झाले. त्यामुळेच इथल्या किल्ल्यांना निम्मा तट डोंगरानेच बांधून दिला. माणसाने फक्त फटी बुजवल्या. वाटेवर करवंदीच्या जाळ्या, विजेचे खांब आणि दर दोन वळणांनंतर एखादी पाटी मांडून बसलेली बाई. डिसेंबर-जानेवारीत तिच्यापुढे बोरं असतात, हरभऱ्याचा डहाळा असतो, ताकाचं भांडं ओल्या फडक्याने गुंडाळलेलं असतं. तिच्या बोटांना डहाळ्याची आंब लागून ती चिकट झालेली. ती एक घाटा सोलून दाणा पुढे करते. "खाऊन तर बघा दादा, घ्यायचं मागाहून." आंबट, हिरवा, किंचित खारट दाणा. घेतल्याशिवाय पुढे जाणारे फार थोडे.

पुणे दरवाजा म्हणजे एकामागे एक तीन दरवाजे. ते ओलांडले की गड एकदम बाजारासारखा गजबजतो, आणि ही गजबज नको असणाऱ्यांनी नाकं मुरडावीत इतपत ती आहेही. दूरदर्शनचा मनोरा, टपऱ्या, वाहनतळ. पण पाच मिनिटं चाललं की गर्दी मागे पडते. टिळकांचा बंगला लागतो. उन्हाळ्यात ते इथे येऊन राहत, आणि १९१५ मध्ये त्यांची आणि गांधीजींची भेट इथे झाली. पुढे देवटाकं. पुण्यात मुक्काम असला की गांधीजी मुद्दाम या टाक्याचं पाणी मागवत, असं गडावर हमखास सांगितलं जातं. कागदोपत्री पुरावा मागणाऱ्याला बाटली पुढे केली जाते. हिवाळ्यात ते पाणी दातांना कळ आणेल इतकं गार असतं, आणि तेवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं.

गडाच्या इतिहासाची यादी लांबलचक आहे. १३२८ मध्ये महंमद तुघलकाने वेढा घातला तेव्हा नागनायक नावाच्या कोळी सरदाराने हा किल्ला कित्येक महिने लढवला. तो आठवतो कारण त्याच्याविषयी इसामीने ‘फुतुह-उस-सलातीन’ या फारसी काव्यात लिहून ठेवलं, आणि इसामी काही नागनायकाच्या बाजूचा नव्हता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत हा होता. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचं इथेच निधन झालं, त्यांची समाधी गडावर आहे. १७०३ मध्ये औरंगजेबाने गड घेऊन त्याला ‘बक्षिंदाबक्ष’ हे नाव दिलं. दोनेक वर्षांत मराठ्यांनी गड परत घेतला आणि ते नाव तिथेच सांडलं. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे तो पडला.

यातलं कुणालाही ऐकायचं नसतं. सगळ्यांना तानाजी कडा बघायचा असतो.

कडा गडाच्या पश्चिम अंगाला आहे. तटाच्या कडेकडेने पायवाट जाते आणि मग एकाएकी पुढे काहीच उरत नाही. खाली बघितलं तर काळ्या कातळावर पाण्याच्या वाळलेल्या पांढुरक्या ओघळांच्या रेषा, मधूनमधून गवताचे पिवळे झुबके, एखाद्या चिरेत मूळ रोवून आडवं वाढलेलं झुडूप. वारा खालून वर येतो. कड्याला हात लावला तर सकाळी दहालाही दगड गारच असतो, ऊन या बाजूला उशिरा फिरतं. या दगडावर रात्री, अंधारात, पाठीला शस्त्र बांधून चढायचं, हे कड्याच्या टोकावर उभं राहिल्यावर पोटात जाणवतं.

हिवाळा हा शाळांच्या सहलींचाही हंगाम. चाळीस-पन्नास मुलं रांगेत उभी आणि गुरुजी हात उंचावून सांगत असतात: यशवंती नावाची घोरपड, तिच्या कमरेला दोर, पहिल्यांदा ती मागे फिरली, तानाजीने दटावलं, मग ती वर गेली आणि कातळाला घट्ट चिकटून बसली. मुलं मान लांब करून खाली बघतात. मग एखादं चौकस पोर विचारतं, "सर, नंतर घोरपडीचं काय झालं?" गुरुजी डबे काढायला सांगतात.

प्रश्न रास्त आहे. त्याआधीचा प्रश्न जास्त रास्त: घोरपड आली कुठून?

या मोहिमेची सगळ्यात जवळची मराठी हकिकत कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. त्याने ती १६९७ मध्ये, म्हणजे घटनेनंतर सत्तावीस वर्षांनी, जिंजीला लिहिली. लिहून घेतली ती राजाराम महाराजांनी, जे पुढे तीनच वर्षांत याच गडावर वारले. सभासद सांगतो की तानाजी पाचशे माणूस घेऊन गडाखाली गेला. त्याने दोन चांगले मावळे निवडून रात्री कड्यावर चढवले. ते वानरासारखे चढून गेले, त्यांनी वर माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि मग बाकीचे आले. घोरपडीचं नाव नाही. तानाजी पडल्यावर भाऊ सूर्याजीने लोक सावरले, हेही सभासद सांगतो. जेधे शकावली, म्हणजे तिथीवार नोंदींची यादी, तर याहून कोरडी. तिथी, गड घेतला, तानाजी पडला, संपलं.

घोरपड सरसरत आली ती पोवाड्यातून. तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा मराठीतल्या सगळ्यात जुन्या आणि लाडक्या पोवाड्यांपैकी. हॅरी अ‍ॅकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा जो संग्रह छापला, त्यातून तो वाचणाऱ्यांपर्यंत गेला. त्यात काय नाही? जिजाबाई प्रतापगडावर केस विंचरताना सिंहगड बघतात, मुलाला बोलावून सोंगट्यांचा डाव मांडतात, डाव जिंकतात आणि पणात गड मागतात. मुलाचं, रायबाचं, लग्न सोडून तानाजी येतो. म्हातारे शेलारमामा येतात. आणि पेटाऱ्यातून घोरपड निघते. सभासदाला काय झालं ते लिहायचं होतं. शाहिराला समोर बसलेल्या मंडळींना पहाटेपर्यंत जागं ठेवायचं होतं.

आता घोरपडीकडे वळायचं. मोठी घोरपड शेपटीसह पावणेदोन मीटरपर्यंत भरते, वजन सातेक किलो. नख्या मजबूत असतात आणि बिळात अंग फुगवून बसली की ओढून निघत नाही, एवढं खरं. तिच्या चिवटपणाची कीर्ती तिथूनच आली. पण साठ-सत्तर किलोचा माणूस दोराला लोंबकळला की तिने धरून राहावं, ही अपेक्षा जास्तच झाली. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे आणि ती हिवाळ्यात गडावर गेलेल्यालाच सुचावी. घोरपड दिवसा हिंडणारा प्राणी. थंड रक्ताचा. ऊन अंगावर घेतल्याखेरीज तिला हुशारी येत नाही आणि सूर्य कलला की ती बिळात जाते. माघातल्या रात्री, गार कातळावर, ती मागे फिरली असेल तर तो अपशकुन नव्हे, अक्कल म्हणायची.

यावर तोडगे काढणारे पुष्कळ. कुणी म्हणतं, घोरपड हे माणसाचं आडनाव. कुणी म्हणतं, घोरपड म्हणजे आकडे लावलेला दोर. कुणी म्हणतं, तिने नुसती बारीक दोरी वर नेली. गंमत अशी की दंतकथा तानाजीहून जुनी आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्यात सांगतात की बहमनी काळात, महमूद गवानच्या कोकण मोहिमेत १४७१ च्या सुमारास, त्यांच्या पूर्वजाने घोरपडीच्या मदतीने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, सर केला आणि त्यावरून घराण्याला हे नाव मिळालं. दोनशे वर्षांचं अंतर, दुसरा किल्ला, दुसरं राज्य, घोरपड तीच. दख्खनमध्ये अवघड कडा आणि अंधारी रात्र एकत्र आली की शाहिराच्या पेटाऱ्यात ती तयारच असावी.

हे सगळं ऐकून दंतकथेवर हसण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट खटकते आणि ती कड्यावर उभं राहिल्यावर अधिकच खटकते. घोरपडीला नाव आहे. यशवंती. तिच्या नावावर कथा आहेत, चित्रं आहेत, मुलांना ती पाठ आहे. आणि सभासदाने ज्यांना खरोखर कड्यावर चढताना दाखवलं, त्या दोन मावळ्यांना नाव नाही. त्या रात्रीचं सगळ्यात अवघड काम त्या दोघांचं होतं. त्यांच्याआधी वर दोर नव्हता. हात कुठे घालायचा, गवताचा झुबका वजन धरेल का, चिरेत साप आहे की नुसता पाला, हे त्यांना बोटांनीच कळत होतं. वरून पहारेकऱ्याने सहज म्हणून दगड लोटला असता तरी खेळ संपला असता. सभासदाने त्यांना वानराची उपमा देऊन एका वाक्यात वर पोचवलं. शाहिराने ते वाक्यही काढून घेतलं आणि घोरपडीला दिलं. ऐकणाऱ्यांनी तक्रार केली नाही, कारण घोरपड जास्त मजेदार. आज सह्याद्रीत कड्यांवर दोर लावून चढणारे गिर्यारोहक मात्र या दोघांचीच चौकशी करतात. पहिला चढणारा कोण, हा त्यांच्या धंद्यातला पहिला प्रश्न.

कड्यावरून मागे येऊन झुंजार बुरुजावर जावं. स्वच्छ दिवशी तिथून राजगड, तोरणा, पुरंदर, पानशेतचं पाणी असं सगळं डोळ्यांत मावतं, आणि सभासद विरुद्ध शाहीर हा खटला नुसत्या नजरेने चालवता येतो. सभासद म्हणतो, गड घेतल्यावर मावळ्यांनी पागेला आग लावली, तो उजेड शिवाजी महाराजांनी राजगडावरून पाहिला आणि गड आला हे ओळखलं. राजगड इथून सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर. बालेकिल्ल्याचा उंचवटा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अंधारात पेटलेली पागा तिकडून दिसली नसती तरच नवल. शाहीर म्हणतो, जिजाबाईंनी प्रतापगडावरून सिंहगड पाहिला. प्रतापगड पन्नास किलोमीटरवर, आणि मध्ये सह्याद्रीच्या रांगा आडव्या. दक्षिणेकडे कितीही डोळे ताणले तरी साक्ष मिळत नाही. बखर पास, पोवाडा नापास. तरी घराघरांत पोचली ती जिजाबाईंच्या हातातली फणीच, पागेची आग नव्हे.

‘गड आला पण सिंह गेला’ या महाराजांच्या तोंडी घातलेल्या वाक्याचंही असंच. सभासदाच्या बखरीत महाराज हळहळतात ते एक गड घेतला आणि दुसरा गमावला अशा अर्थाने. सिंह तिथे नाही. सिंहगड हे नाव तर १६६३ च्या पत्रात सापडतं, तानाजी पडण्याच्या सात वर्षं आधी. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरि नारायण आपट्यांनी कादंबरीला हे नाव दिलं आणि मग ते वाक्य कुणाच्याही तोंडून काढून घेणं शक्य राहिलं नाही. १९२३ मध्ये बाबूराव पेंटर यांनी ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीची लढाई दाखवायची म्हणून त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतात तोवर सिनेमाची चित्रं सूर्याच्या उजेडात काढत. त्या चित्रपटात शेलारमामा झाले होते तरुण व्ही. शांताराम. दहा वर्षांनी त्यांनीच प्रभातसाठी बोलता ‘सिंहगड’ केला. माघातल्या एका काळोख्या रात्रीने मराठी सिनेमाला दिवे लावायला शिकवलं म्हणायचं.

उदयभान राठोडाच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही. कल्याण दरवाजाच्या मागच्या टेकाडावर एक चौकोनी दगड आहे, तो त्याचं स्मारक असं सांगतात. मोगलांचा किल्लेदार म्हणून त्याने गड शेवटपर्यंत सोडला नाही आणि तोही त्याच रात्री पडला. सहलीतली मुलं त्या दगडावर पाण्याच्या बाटल्या ठेवतात. फलक वाचायला थांबणारे कमीच. पोवाड्याने त्याला राक्षसासारखा खादाड केला, सिनेमाने वेडा. पण कोरड्या नजरेने बघितलं तर हा राजपुतान्याचा माणूस घरापासून शेकडो कोस दूर, दुसऱ्याच्या किल्ल्यावर, तिसऱ्याच्या बादशाहीसाठी मेला.

खाली कल्याण गावाकडे उतरणारी वाट या दरवाजातून जाते. गर्दी इकडे फिरकत नाही. दरवाजाच्या बाजूला हत्ती आणि माहुतांची अर्धवट दगडी शिल्पं आहेत, आणि शके १६७२ चा, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीतला शिलालेख. बांधणाऱ्याने नाव आणि साल कोरून ठेवलं, म्हणून दरवाजाबद्दल वाद नाही. शहाण्या माणसाने परतीला हीच वाट धरावी, पण बहुतेक जण पुन्हा पुणे दरवाजाकडे वळतात. कारण जेवण तिकडे असतं.

दुपारी एकच्या सुमारास टपऱ्यांतल्या चुली पेटलेल्या असतात. मावशी परातीत पीठ मळते, गोळा थापते, थापताना मधेच थांबून हाताला पीठ लावते, भाकरी उचलून तव्यावर अशी टाकते की कड दुमडत नाही. वर पाण्याचा हात फिरवते. मग उलटवते, आणि शेवटी तवा सरकवून निखाऱ्यावर उभी धरते. भाकरी टम्म फुगते. पिठलं, ठेचा, कांदा, मडक्यातलं दही. बाजूला ‘तान्हाजी’ चित्रपटाचं पोस्टर, उन्हाने निळसर पडलेलं. २०२० मध्ये तो सिनेमा आला आणि गडावर एक नवी गोष्ट चढली. त्यात ‘नागिन’ नावाची अजस्र तोफ आहे, कुठल्याही बखरीत नसलेली. तेव्हापासून ती कुठे ठेवली आहे असं विचारणारे रोज येतात. आजही कपाळावर गॉगल चढवलेला एक जण चुलीपाशी वाकून विचारतो, "मावशी, ती मोठी तोफ कुठे आहे हो?"

मावशी भाकरीवरून नजर न काढता सांगते, "ती पिक्चरवाल्यांनी नेली. बसा तिकडं सावलीत. भाकरी ज्वारीची टाकू का तांदळाची?"